आत्या, तो नवस नव्हता

“खात्यापित्या घरची बाई, अन् उपाशी मेली बगा.”

तुझ्या मागच्या अंगणात शेजारच्या दोघीजणी भांडी विसळत होत्या. तू गेल्याचा तिसरा दिवस होता. एकीनं हे म्हटलं आणि दुसरीनं मान हलवली. दीड वर्ष गोडाचा कण नाही, पोळीचा तुकडा नाही, मग अंगात राहणार काय, असं ती म्हणाली. मी त्यांच्या मागेच ताटांची चळत घेऊन उभी होते. त्यांनी मला पाहिलं, सरकून जागा दिली, माझ्या हातातली ताटं काढून घेतली. मी काही बोलले नाही.

आत्या, तुला याचं नवल वाटणार नाही.

तू गेलीस त्या दिवशी काय खाल्लं होतंस ते सबंध घरात फक्त मला माहीत होतं. सकाळी सहाला तुझा नेहमीसारखा फोन आला होता. सकाळी वाटीभर मूग, काकडी. दुपारी एक भाकरी, मेथीची भाजी, वाटीभर दही, सीताफळ. संध्याकाळचंही तू सांगितलं होतंस, पण संध्याकाळ तुझ्यापर्यंत आली नाही. दुपारी तू जेवलीस, हात धुतलेस, ओसरीतल्या बाजेवर टेकलीस आणि तिथंच गेलीस. काकू, तुझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणाल्या की ताट स्वच्छ होतं, फक्त काठाला सीताफळाच्या बिया होत्या. म्हणजे जेवून गेलीस तू. पोटभर, ठरल्याप्रमाणे. हे मला त्या दोघींना सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं.

आज सोळा दिवस झाले. हे सगळं मी पुन्हा लिहूनच सांगते आहे. तू असतीस तर कागद बाजूला सारून म्हणाली असतीस, “लिव्हू नको, तोंडानं सांग.” पण आता दुसरी सोय उरलेली नाही.

मला पहिल्यांदा तुझ्या घराची कोठी आठवते. काकूंच्या मुलीचा साखरपुडा होता. आम्ही सगळे परळीहून सिरसाळ्याला आलो होतो. ओसरीवर पाहुणे, दारात जीपगाड्या, आणि मामा, म्हणजे तुझे मालक, पांढऱ्या कपड्यांत प्रत्येकाला हाताला धरून जेवायला बसवत होते. त्या घरातून कुणी न जेवता गेलं तर मामांना तो स्वतःचा पराभव वाटतो. सरपंच होते तेव्हापासून त्यांचा कुणी ना कुणी सत्कार करतंच, आणि सत्कार म्हटलं की शाल, नारळ आणि पेढ्यांची पेटी. शाली कपाटात जायच्या, नारळ देवाला, आणि पेट्या कोठीत, ज्वारीच्या पोत्यांमागं.

मला ते ठाऊक होतं. जेवण झाल्यावर सगळ्या बायका नवरीभोवती जमल्या तशी मी कोठीकडं सरकले. दार ढकललं तर आत तू. पोत्यावर बसलेली, मांडीवर उघडी पेटी, तोंड भरलेलं. नवी पैठणी नेसलेली तू मला क्षणभर ओळखू आली नाहीस, इतकी लहान दिसत होतीस. तू दचकली नाहीस. नुसती बाजूला सरकलीस.

“दार लोटून घे, माय.”

मी लोटून घेतलं आणि तुझ्या शेजारी बसले. आपण दोघींनी एक शब्द न बोलता ती पेटी संपवली. चवीनं खात नव्हतो आपण. कुणीतरी हिसकावून घेईल अशा घाईनं खात होतो. मग तू रिकामी पेटी घडी घालून चपटी केलीस आणि पोत्यांखाली सरकवलीस. तिथं तशाच कितीतरी चपट्या पेट्या होत्या. मला माझं जुनं शाळेचं दप्तर आठवलं. परळीच्या आमच्या घरात, पलंगाखाली, बिस्किटांच्या आणि वेफर्सच्या रिकाम्या पाकिटांनी भरलेलं. तोवर मला वाटत होतं की जगात असं करणारी मी एकटीच आहे.

बाहेर जाताना तू माझ्या हनुवटीवरचा पेढ्याचा कण पदरानं पुसलास. त्यानंतर दोन वर्षं आपण त्याविषयी काही बोललो नाही.

बोलायला सुरुवात मीच केली, हे माझ्या नावावर असू दे. मला फोनवरचा एक गट सापडला होता. खाण्यावर ताबा राहत नाही अशी माणसं तिथं आठवड्यातून दोनदा जमायची आणि इंग्रजीत बोलायची. मी कॅमेरा बंद, माइक बंद ठेवून नुसती ऐकायची. त्यांचा खाण्याचा एक कडक नेम होता. तीन वेळा जेवायचं, मधे काही नाही. साखर बंद, गूळ बंद, पीठ बंद. प्रत्येक गोष्ट काट्यावर मोजून. आणि सगळ्यात अवघड म्हणजे रोज सकाळी, काही तोंडात घालायच्या आधी, आज काय खाणार ते एका माणसाला बोलून सांगायचं. मग त्यात फेरफार नाही.

उन्हाळ्यात तू गुडघ्याच्या डॉक्टरांकडं परळीला आलीस तेव्हा मी तुला हे सांगितलं. खिडकीतली औष्णिक केंद्राची राख पुसता पुसता, तुझ्याकडं न बघता. तू सगळं ऐकून घेतलंस. मग विचारलंस की ते लोक या दुखण्याला काय म्हणतात. मी इंग्रजी शब्द सांगितला. त्याचं मराठी विचारलंस तेव्हा मी म्हणाले, सवय.

“सवय न्हाई ही,” तू म्हणालीस. “सवय मोडती. माज्या बापाला दारूचं जे व्हतं, ते हाय हे. येसन.”

मी उठून दार लावलं. आई स्वयंपाकघरात होती. इंग्रजीत तो शब्द मी रोज ऐकत होते आणि तो मला कधी टोचला नव्हता, कारण आमच्या घरात तो कुणाच्या कानावर पडत नव्हता. तू तो आजोबांच्या शेजारी नेऊन बसवलास आणि तो टोचला. तुझा चेहरा मात्र हलका झाला होता. दुखण्याचं नाव कळल्यावर माणसाचा होतो तसा.

भाकरीवरून आपलं पहिलं भांडण झालं. मी म्हणत होते, पीठ म्हणजे पीठ, यादीत बंद आहे. तू म्हणालीस की ज्यानं ही यादी केली त्यानं भाकरी पाहिली नसेल. “पोळीपाशी मी थांबत न्हाई. सात खाल्ल्या तरी हात जातो. भाकरीपाशी थांबते. माजं मला म्हाईत हाय.” शेवटी गटातल्या एका मराठी बाईंना मी मेसेज करून विचारलं. त्या म्हणाल्या, जिथं थांबता येतं ते चालेल, पण मोजून. मग तू पोस्टानं आलेला छोटा काटा घेऊन चुलीपुढं बसलीस आणि भाकरी तव्यावर टाकण्याआधी पिठाचा गोळा मोजायला लागलीस.

सीताफळ मात्र तुला हरवून गेलं. रोज एक फळ चालत होतं, तेही मोजून. सीताफळाच्या बियांचं काय करायचं? सालीचं काय? मी म्हणाले, सोडून दे, पेरू खा. तू म्हणालीस की आपल्या डोंगरात सीताफळ पिकायचं अन् मी पेरू खायचा? मग तू युक्ती काढलीस. आधी अख्खं फळ मोजायचं, खायचं, उरलेली साल अन् बिया मोजायच्या आणि वजा करायच्या. सहावी शिकलेली बाई तू. एके दिवशी सकाळी सहाला फोन करून मला म्हणालीस, “काल सतरा ग्राम जास्ती झालं. आज कापते.” मी इतकी हसले की आई दारात येऊन उभी राहिली.

आता त्या खोट्याकडं येते.

नेम सुरू करून आठ दिवस झाले होते. मीही तुझ्याकडं आलेले होते. काकूंना कळेना की तू पोळी का घेत नाहीस, चहा बिनसाखरेचा का पितेस. त्या घरात न खाणं म्हणजे रुसणं. दुसरा अर्थच नाही. कोण काय बोललं, कुणाचा राग आला, असं विचारून त्यांनी तुला हैराण केलं. दुपारी तू मला कोठीत नेलंस. आज जेवायला सगळे बसले की मी सांगून टाकते, म्हणालीस. मला खाण्याचं व्यसन आहे, असं सरळ. फक्त तू माझ्या शेजारी बस.

मी नाही म्हणाले. आत्या, मी नुसती नाही म्हणाले नाही, मी तुझे हात धरले. तू एकदा बोललीस की सगळे आधी तुझ्याकडं बघतील आणि मग माझ्याकडं, कारण मीही तेच खात होते, तेच टाळत होते. लग्नाचं बघताहेत माझं, असंही मी म्हणाले, जसं काही मला लग्नाची घाई होती. आणि मग मला ते सुचलं. मी म्हणाले, नवस आहे असं सांग. वैजनाथाला नवस बोललेय म्हण, भाचीनंही बरोबरीनं धरलाय, गोड आणि पोळी सोडलीय. नवस म्हटलं की कुणी आग्रह करत नाही.

इंग्रजी शाळेत शिकलेली, नवसांना हसणारी मी. तुला नवस सुचवणारी मीच.

तू पोत्यावर बसलीस. मग म्हणालीस, “नवस एक दिवस फिटतो, माय. हे फिटणारं न्हाई. तवा काय सांगणार?” मी म्हणाले, तेव्हाचं तेव्हा बघू.

आणि तू मान्य केलंस. तुला लाज नव्हती. माझ्या लाजेखातर केलंस.

पुढं जे झालं त्यावर आपण किती हसलो. नवस कशासाठी ते बोलून दाखवायचं नसतं म्हणून कुणी विचारलं नाही, आणि प्रत्येकानं आपापलं ठरवून टाकलं. काकूंना वाटलं, माझ्या लग्नासाठी. माझ्या आईला वाटलं, तुझ्या गुडघ्यासाठी. मामांना तर शंकाच नव्हती. त्यांना जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं. तुझ्यापुढं कुणी गोड ठेवलं की ते लांबूनच कार्यकर्त्यावर ओरडायचे, “ती बशी उचल बे, नवस हाय तिचा.” असा राखणदार तुला जन्मात मिळाला नसता. काटा तू देवघरात ठेवायला लागलीस, कारण तिथं कुणी हात लावत नाही. मागच्या वर्षी खंडेनवमीला काकूंनी विळा, कुऱ्हाड आणि पाण्याच्या मोटारीबरोबर त्यालाही हळदकुंकू लावलं. तेव्हापासून त्याच्या बटणांत हळद अडकली आहे आणि रिकामा असला तरी तो दोन ग्रॅम दाखवतो. आपण ते दोन ग्रॅम रोज वजा करायचो. देवाचा वाटा, तू म्हणायचीस.

हसत होतीस, पण तुला ते खोटं आवडत नव्हतं. दर महिन्या-दोन महिन्यांनी विषय काढायचीस. मी टाळायचे.

आपलं दुसरं भांडण तर कधी संपलंच नाही. सकाळी सहाला तू फोन करून तुझं बोलून सांगायचीस. मी माझं लिहून पाठवायचे. आमच्या घराच्या भिंती पातळ, आई उठलेली असते, असं मी कारण द्यायचे. तू म्हणायचीस, “लिव्हलेल्यात खोटं लपतं. आवाजात न्हाई लपत.” मला राग यायचा. मी खोटं लिहीन असं वाटतं का तुला, असं मी एकदा विचारलं. तू म्हणालीस की तुझं नाही, मी माझं सांगतेय, मी आयुष्यभर न बोलता खाल्लंय.

त्यानंतर मामांची पेढेतुला झाली.

वाढदिवसाला कार्यकर्त्यांनी बाजाराच्या मैदानात मोठा तराजू उभा केला. एका पारड्यात मामा, दुसऱ्यात पेढे. मामा आधी लाजत होते, मग पारडं उचललं गेलं तसे लहान मुलासारखे हसले. माइकवरच्या माणसानं सांगितलं की वहिनीसाहेबांनी साहेबांसाठी दीड वर्षापासून गोड वर्ज्य केलंय, आणि सगळ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या. तू व्यासपीठावर होतीस. तू टाळ्यांकडं बघितलं नाहीस. गर्दीत मला शोधत होतीस. मी मान खाली घातली.

पेढे वाटले तरी खूप उरले. सगळ्या पेट्या कोठीत आल्या.

मी त्या दुपारी कोठीत गेले, आत्या. दार लोटून घेतलं. या खेपेला शेजारी सरकायला कुणी नव्हतं. जवळजवळ दीड वर्ष मी साखर जिभेवर ठेवली नव्हती आणि मला वाटत होतं की आता ती मला ओळखणार नाही. पहिल्या घासातच ओळखलं तिनं. किती खाल्ले ते मला माहीत नाही. शेवटी शेवटी चवही लागत नव्हती, तरी हात थांबत नव्हता. मग मी पेटी चपटी करून पोत्यांखाली सरकवली. तुझ्यासारखीच.

दुसऱ्या दिवशी परळीहून मी तुला लिहिलं, “काल सगळं ठरल्याप्रमाणे.” एरवी तू ‘शाबास’ असं बोलून पाठवायचीस. त्या दिवशी नुसतं ‘बरं’ आलं.

पुढच्या रविवारी मी आले तेव्हा कोठीला कुलूप होतं आणि किल्ली तुझ्या कमरेला. मी काही विचारलं नव्हतं तरी तू म्हणालीस, “माज्यासाठी लावलंय.” तेव्हा मी हो म्हणाले. आता मला कळतं की तू त्या पोत्यांखाली पाहिलं असणार. त्यानंतर तीन आठवडे तू सकाळी फोन करायचीस, तुझं सांगून व्हायचं आणि मग तू गप्प राहायचीस. मागं चिमण्या ऐकू यायच्या, मोटारीची घरघर. तू थांबलेली असायचीस. मग हळूच विचारायचीस, “ठेवू?” आणि मी म्हणायचे, ठेव.

रोज तू मला दार उघडून देत होतीस. तीन आठवडे. आणि चौथ्या आठवड्यात तू नव्हतीस.

माझा राग तुझ्यावरही आहे, तो लपवत नाही. तू सरळ का नाही विचारलंस? तुला सगळ्या गोष्टी सरळ विचारता यायच्या. माझ्याच बाबतीत तू इतकी सांभाळून का वागलीस? मला रागावली असतीस तर मी रडले असते आणि सांगून मोकळी झाले असते. पण तू वाट बघितलीस. मी बोलेन असं तुला खरंच वाटत होतं का?

ते तेरा दिवस मी तुझ्याच घरी राहिले. डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं की हृदय फार आधीपासून थकलेलं होतं, उलट या दीड वर्षात शुगर ताब्यात आली म्हणून इतकं निभावलं. ते कुणाला ऐकूच गेलं नाही. मामा ओसरीवर बसून प्रत्येक माणसाला एकच सांगत होते, “माज्या तिकिटापायी गेली. माज्यापायी गोड सोडलं तिनं.” आधी दोन दिवस ते अभिमानानं सांगत होते. मग कुणीतरी ‘उपाशी’ हा शब्द त्यांच्या कानावर घातला आणि ते खचले. त्यांनी जेवण टाकलं. ताट पुढं आलं की म्हणायचे, ती जेवली नाही, मी कसा जेवू.

मी स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होते. खरं सांगितलं तर त्यांच्या मानेवरचं ओझं उतरणार होतं. पण त्याबरोबर दुसरंही काही जाणार होतं. बायकोनं आपल्यासाठी गोड सोडलं, या एका गोष्टीवर तो माणूस तगून होता. ती मी कशी काढून घेऊ? मी स्वतःला असं समजावत होते. ते खरंही होतं. पण त्याच्या खाली माझी जुनी भीतीच बसलेली होती, हे तुला सांगायची गरज नाही.

दहाव्यानंतर काकूंनी विषय काढला. नवस अपुरा राहिलाय, जीव अडकेल तिचा. त्यांनी गुरुजींना विचारून घेतलं होतं. जिनं बरोबरीनं नवस धरला तिनं फेडला तरी चालतो. म्हणजे मी. चौदाव्याच्या गोडजेवणाला, सगळ्यांसमोर, तुझ्या नावानं पहिला पेढा मी खायचा, मग पोळी, की नवस फिटला. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. आई म्हणाली, बरं झालं, सुटेल पोरगी. मी मान डोलावली.

यातलं एक तुलाच सांगू शकते. मान डोलावताना मला आनंद झाला. तू गेली होतीस, घरात सुतक होतं, आणि माझ्या मनात कुणीतरी टाळी वाजवली की आता पेढा खायची मुभा मिळाली. सगळ्यांच्या देखत, देवाच्या नावानं. पुढचे तीन दिवस मी त्या पेढ्याचाच विचार करत होते. तुझा कमी करत होते.

चौदाव्याला अंगणात पंगत बसली. तुझा फोटो, त्याला हार, त्याच्यापुढं पुरणपोळीचं ताट. काटाही काकूंनी देवघरातून आणून फोटोजवळ ठेवला होता, नव्यानं हळदकुंकू लावून. कुणाचा तरी धक्का लागून तो सुरू झाला होता आणि त्याच्यावर दोनचा आकडा दिसत होता. मी पाटावर बसले. मामा माझ्या समोर होते, दाढी वाढलेली, खंगलेले दिसत होते. काकूंनी पेटी उघडली. भाजलेल्या खव्याचा वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

“सोने, आ कर,” काकू म्हणाल्या.

पेढा माझ्या ओठांशी आला. मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते. तेव्हा मामा म्हणाले, अगदी हळू, जणू मलाच एकटीला, “खा, माय. तिला म्या उपाशी मारलं. तू तरी सुट.”

मी काकूंचं मनगट धरलं.

“नवस नव्हता तो, मामा.” माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “आत्याला खाण्याचं व्यसन होतं. मलाही आहे. आम्ही दोघी त्यासाठी मोजून खात होतो. नवसाचं खोटं मी तिला शिकवलं.”

पंगत थांबली. आईनं माझ्याकडं बघून डोळे मोठे केले. काकूंचा हात तसाच अधांतरी होता. “येसन?” त्या म्हणाल्या. “पेढा म्हंजी काय दारू हाय का?” मागं कुणीतरी हसलं. मी मान खाली घालणार होते, पण मामा माझ्याकडं बघत होते. त्यांना फक्त एकच ऐकू आलं होतं.

“म्हंजी माज्यासाठी नव्हतं?”

“नाही, मामा.”

त्यांचा चेहरा उतरला. मी तो उतरताना पाहिला, आणि तो मला विसरता येणार नाही. जे घ्यायचं नव्हतं ते मी घेतलं होतं.  मग त्यांनी विचारलं की त्या दिवशी तू काय खाल्लं होतंस. मी सांगितलं. मूग, काकडी. भाकरी, मेथी, दही, सीताफळ. त्यांनी परत विचारलं, पोटभर? मी म्हणाले, पोटभर. तिचं तिनं ठरवलेलं, तिच्या मनासारखं. त्यांनी डोळ्यांवर उपरणं धरलं. माझ्यावर रागावले होते की रडत होते, मला अजून कळलेलं नाही. पण थोड्या वेळानं त्यांनी ताटातली पोळी मोडली आणि पहिला घास घेतला.

काकूंनी पेढा पेटीत परत ठेवला. झाकण लावलं. त्या नाराज होत्या, अजून आहेत. पण बाई त्या घरची आहे, कुणाला न जेवता उठू देणार नाही. पदर खोचत म्हणाल्या, “मग चूल पेटवावी लागंल. काय खाणार हाईस ते तरी सांग.”

अंगणात सगळे माझ्याकडं बघत होते, आधी तुझ्या फोटोकडं आणि मग माझ्याकडं, जसं बघतील म्हणून मी दीड वर्ष घाबरले होते. तेवढ्यात मला ती शांतता ओळखीची वाटली. सकाळी सहाच्या फोनमधली. तुझं सांगून झालेलं आहे आणि तू थांबली आहेस.

मी बोलले. शेवटचं तुला का सांगितलं ते तिथं कुणालाच कळलं नाही.

“एक भाकरी. मेथीची भाजी. वाटीभर दही. एक सीताफळ, साल अन् बिया वजा करून. आणि आत्या, पेढेतुलेच्या दिवसाचं मी खोटं लिहिलं होतं. कोठीत जाऊन मी पेढे खाल्ले होते.”